एकास सत्त्याऐंशी

छोट्या रेल्वेचा छंद असलेल्या माणसाच्या घरी गेलात, तर तो गाडी दाखवील अशा भ्रमात राहू नका. तो ओल दाखवतो. तीन बोटं उंचीचा एक मालधक्का असतो, त्याच्या मागच्या भिंतीला पन्हाळीचा पाइप असतो, आणि त्या पाइपाखाली पाणी झिरपून शेवाळं धरलंय असं भासावं म्हणून त्या गृहस्थाने रात्री जागवून हिरवट काळा रंग भिंतीत मुरवलेला असतो. "बघा, बघा, वाकून बघा," असं म्हणत तो तुम्हाला टेबलावर ओणवं करतो. गंमत अशी की त्याच टेबलाच्या मागे, त्याच खोलीच्या खऱ्या भिंतीला, खरी ओल आलेली असते. बायको ती चार पावसाळे दाखवते आहे. तिच्याकडे लक्ष द्यायला त्याला सवड नसते. क्वचित लक्ष गेलंच तर ते नमुना म्हणून जातं.

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यांतलेच. आयुष्यभर बँकेत लोकांच्या सह्या जुळतात का ते पाहिलं, आता रुळांचे सांधे जुळतात का ते पाहतात. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तिची खोली रिकामी झाली, आता आल्यागेल्याची सोय झाली असं ताई नातेवाइकांत सांगते न सांगते तोच खोलीत प्लायवूडचं टेबल आलं. सध्या त्या खोलीत एक स्थानक, दोन बोगदे, एक घाट आणि शंभराच्या वर माणसं मुक्कामाला आहेत. पाहुण्यांना हॉलमध्ये गादी घालून देतात.

छंद तसा खानदानी आहे. जर्मनीत ग्योपिंगेन नावाचं गाव आहे. तिथे १८५९ साली मेर्क्लिनचा कारखाना निघाला, तो बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली पत्र्याची भांडीकुंडी करायला. पुढे १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत या कारखान्याने किल्लीची गाडी मांडली, आणि गाडीबरोबर ठरावीक मापाचे रूळ मांडले. हौस वाढेल तसे आणखी रूळ आणायचे आणि जोडत जायचं. "हौस वाढेल तसे" या अटीत युरोपातल्या किती संसारांचा घात झाला असेल कोण जाणे. हा इतिहास भाऊजींनी एकदा जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितला. ताईने त्यातला नेमका भांड्याकुंड्यांचा भाग उचलला. "म्हणजे भातुकलीच की हो!" ती म्हणाली, आणि आमटी वाढली. तेव्हापासून घरात या सगळ्या प्रकरणाचं नाव भातुकलीच आहे. "भातुकली आवरा, पानं घेतलीत," अशी हाक येते आणि निवृत्त शाखाधिकारी हात धुवायला जातो.

या जगात शिरायचं तर आधी एक संख्या पाठ करावी लागते. सत्त्याऐंशी. जगभर सर्वांत जास्त चालतं ते एचओ नावाचं माप, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. खऱ्या वस्तूला सत्त्याऐंशीने भागायचं, येईल ते टेबलावर ठेवायचं. साडेपाच फुटी माणूस तिथे जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. याहून लहान मापंही आहेत: एकशे साठ, दोनशे वीस, आणि अगदीच अघोरी पंथीयांसाठी साडेचारशे, ज्यात रूळ तीन मिलिमीटर रुंद असतात आणि स्टेशनमास्तर मुंगीला घाबरत असावा. पण बहुसंख्य प्रजा सत्त्याऐंशीतच राहते. या माणसांना हळूहळू सगळं जग भागूनच दिसायला लागतं. भाऊजी बाजारात शेंगा घेत नाहीत, शेंग हातात धरून ती किती फुटी ओंडक्यासारखी दिसेल याचा हिशेब करतात. भाजीवाला बिचारा थांबतो.

त्यांच्या स्थानकावर वडेवाला हवा होता. हवाच. घाट दाखवायचा, पायथ्याचं कर्जत दाखवायचं, मागून लावायची जादा इंजिनं दाखवायची, आणि वडा नाही, हे कुठल्या तोंडाने? आता वडा कशाचा करायचा? मोहरीचा दाणा रंगवून ठेवावा असं मी सुचवलं. भाऊजींनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. "मोहरी दोन मिलिमीटर असते. गुणिले सत्त्याऐंशी. सतरा सेंटिमीटरचा वडा होतो तो. ताटाएवढा. असा वडा पाहिलायस का तू कुठे?" मग वरीचा तांदूळ, मग राजगिरा, मग खसखस असे डबे उघडत गेले. खसखशीचा दाणा मिलिमीटरच्या आसपास भरला. म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. "थोडा मोठा आहे, पण कर्जतला खपून जाईल," असा निर्णय झाला. चिमट्याने एकेक दाणा उचलून, ब्रशच्या एका केसाने तांबूस रंग लावून, कागदाच्या परातीत रचून ठेवले आहेत. भिंग घेतल्याशिवाय दिसत नाहीत. पाहुणे बघतात ती एक तपकिरी पूड असते, आणि तिच्याकडे बोट दाखवून घरधनी म्हणतो, "वडे."

हे वेड एकट्या भाऊजींचं आहे असं वाटत असेल तर इंग्रजांकडे बघा. खऱ्या रुळांमधलं अंतर तिकडे १४३५ मिलिमीटर. इंग्रजांनी आपल्या गाड्या एकास शहात्तर या मापात केल्या, कारण त्यांची इंजिनं मुळात अंगाने लहान, सत्त्याऐंशीने भागली तर त्या काळच्या मोटारी आत मावेनात. पण रूळ मात्र जुन्या मापाचेच ठेवले, साडेसोळा मिलिमीटरचे. हिशेबाने ते १८.८३ हवेत. झालं! सव्वादोन मिलिमीटरची तफावत. शतक लोटत आलं, या तफावतीवरून तिथले लोक पंथ काढून बसले आहेत. काहीजण साडेसोळावर समाधानी आहेत, काहींनी मधला मार्ग म्हणून अठराच्या थोडं वर तडजोड केली, आणि सोवळ्यातले लोक १८.८३ शिवाय पाणी पीत नाहीत. आपली खास रुळांची फूटपट्टी घेऊन ते बसतात, चाकं स्वतः बसवतात, आणि साडेसोळावाल्यांच्या घरी गेले तर गाडीची समोरून स्तुती करत नाहीत, कुशीने करतात.

आपल्याकडे हा वाद नाही, कारण आपण सगळेच पतित आहोत. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, सत्त्याऐंशीने भागलं की एकोणीस आणि पाव. असे रूळ बाजारात मिळत नाहीत. मिळतात ते साडेसोळाचेच. म्हणजे आपली डेक्कन क्वीन कुणी कितीही निष्ठेने बनवली तरी ती पावणेतीन मिलिमीटरने परदेशीच राहणार. भाऊजी यावर बोलत नाहीत. प्रत्येक कुटुंबात एखादी गोष्ट असते, तशी ही आहे.

तफावतीचं दुःख गिळता येतं, लांबीचं गिळता येत नाही. आपला साधा डबा खऱ्यात बावीस मीटरच्या वर असतो, टेबलावर तो पंचवीस सेंटिमीटर भरतो. चोवीस डब्यांची गाडी जोडली तर इंजिन धरून वीस फुटांच्या पुढे जाते. खोली बारा फुटांची. म्हणजे इंजिन स्वयंपाकघरात ताईच्या ओट्यापाशी आणि गार्ड अजून पोरीच्या जुन्या कपाटामागे. त्यात मुंबई ते पुणे हे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. भागून झाल्यावरही दोन किलोमीटर दोनशे मीटर उरतं. एवढा रूळ टाकायचा तर सात-आठ सोसायट्यांकडून ना-हरकत आणावी लागेल, आणि आपल्याच सोसायटीत दारासमोर चपलांचं कपाट ठेवायला परवानगी मिळाली नाही. म्हणून या छंदात सगळेजण काटछाट करतात. पाच डब्यांची पंजाब मेल. तीन दुकानांचा बाजार. एका बोगद्यातून गाडी शिरली की दोन हातांवर दुसऱ्यातून बाहेर, आणि मधल्या दोन हातांत पळसदरी, ठाकुरवाडी, मंकी हिल हे सगळं बघणाऱ्याने समजून घ्यायचं. वेगाचीही तीच तऱ्हा. ताशी शंभरने धावणारी गाडी टेबलावर सेकंदाला फूटभर सरकते. खोली बारा सेकंदांत संपते. पुण्याला पोचली म्हणून उतरावं तर अजून पहिला चहासुद्धा विकून झालेला नसतो.

यावर अमेरिकेत एक तोडगा निघाला आहे. त्यांनी घड्याळच पळवलं. खोलीत एक वेगळं घड्याळ लावतात, ते साध्या घड्याळाच्या कित्येक पट वेगाने धावतं, आणि त्याच्याबरहुकूम वेळापत्रक चालवतात. शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभर कचेरीत पिचलेले पाच-सहा बाप्ये कुणाच्या तरी तळघरात जमतात. एकजण गाड्यांचा नियंत्रक होतो, एकजण यार्ड सांभाळतो, बाकीचे मालगाड्यांचे ड्रायव्हर. प्रत्येकाच्या हातात डब्यांच्या चिठ्ठ्या: हा डबा गिरणीवर सोडायचा, तो कोळशाच्या वखारीतून उचलायचा. वरून हुकूम आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. चार तास दुसऱ्याची नोकरी करून, तीही बिनपगारी, वेळ चुकली म्हणून बोलणी खाऊन, हे लोक अत्यंत प्रसन्न मनाने घरी जातात. आपल्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना हे सांगून पाहिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा असतो त्यात?"

गाडी घसरली, डबा सुटला, इंजिन सांध्यावर अडलं, की मात्र सगळे देशभेद मिटतात. वरून एक हात येतो. इंजिनांची जात त्यांच्या चाकांच्या आकड्यांवरून सांगायची रीत आहे, तशी या हातालाही या लोकांत जात आहे: शून्य-पाच-शून्य. पुढे चाक नाही, मागे चाक नाही, मध्ये पाच बोटं. जगातलं एकच इंजिन जे कधी बंद पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं रेल्वेचा छंद या नावाखाली चालत असलं तरी रेल्वे हे निमित्त असतं. रूळ टाकून झाले, गाडी गोल फिरली, एका सुट्टीच्या दिवसात हे उरकतं. त्यानंतरची वर्षं जातात ती रुळांच्या आजूबाजूला. खडी, माती, गवत, झाडं, डोंगर, तारा, खांब, पत्रे, चहाच्या टपऱ्या. आणि या लोकांची पराकाष्ठेची धडपड असते ती हे सगळं जुनं, मळकं, गंजकं दिसावं यासाठी. कुणी म्हणेल, आपल्या हातात जग आलंय तर माणूस ते नीटनेटकं करील. छे! हजारो रुपये मोजून आणलेलं चकचकीत इंजिन पेटीतून निघाल्याबरोबर त्याच्यावर तेलाचे ओघळ काढायला बसतात. मालडब्यांना गंज चढवतात. फलाटाच्या फरशीला तडे पाडतात. मुद्दाम गंजवण्यासाठी रंगांच्या बाटल्या विकत मिळतात, त्यात जुना गंज आणि नवा गंज वेगळा. आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा जिना या लोकांना दाखवला पाहिजे, दर्शनाला रांग लागेल.

या मळकटपणाचे आद्य आचार्य म्हणजे कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावचे जॉन ॲलन. पेशाने छायाचित्रकार. घराखालच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले, दऱ्यांवर लाकडी पूल टाकले, आणि इंजिनं, डबे, घरं सगळं असं काही वापरून झिजलेलं दाखवलं की अमेरिकेतल्या हौशी लोकांना आपल्या कोऱ्या करकरीत गाड्यांची लाज वाटू लागली. एवढा काटेकोर माणूस, पण त्याच्या यार्डात डबे ढकलायला एक स्टेगोसॉरस होता. पाठीवर पाती असलेला, अगदी पुराणातला डायनोसॉर. त्याचं नाव एम्मा, आणि इंजिनांच्या यादीत त्याला रीतसर नंबर होता, तेरा. गंजाची छटा चुकली तर झोप न येणाऱ्या माणसाला रुळावर डायनोसॉर चालतो, हे मला या छंदातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. १९७३ च्या जानेवारीत ॲलन वारले, आणि काही दिवसांतच त्या घराला आग लागून ते सगळं डोंगर-दऱ्यांचं राज्य जळून गेलं. उरले ते त्यांनीच काढलेले फोटो. ते फोटो बघून माणसं अजून तळघरं खणतात.

धूळ आणि गंज यांबाबतीत आपल्याकडे कच्चा माल मुबलक असला तरी बाकीच्या बाजूने फार अडचण आहे. दुकानात मिळणारी सगळी झाडं युरोपी थंडीतली. सुरू-देवदाराच्या जातीची टोकदार, हिरवीगार, थोडं बर्फ पडलेलीसुद्धा. बाभूळ कोण विकणार? घरांचे संच मिळतात ते लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचे आणि उतरत्या छपरांचे, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. त्या घराला कर्जतला ठेवायचं तर आधी कुंड्या तोडून तिथे डालडाच्या डब्यात तुळस लावावी लागते, मग एका खिडकीला कूलर, मग छपरावर डिश, मग खाली "येथे लघवी करू नये" ही पाटी, मग पाटीखाली ते न जुमानल्याच्या खुणा. भाऊजी हे सगळं करतात. पानाच्या पिचकारीवर तर त्यांनी फार मेहनत घेतली. नुसता लाल ठिपका दिला की रक्तासारखा दिसतो, आणि स्थानकावर खून झाल्यासारखं वाटतं. खालून वर उडालेली, कडेला फिकट, मध्ये काथ्याचा रंग, आणि जिन्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांचे थर. टूथब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवून ती उडवायची. खरी पिचकारी मारायला यातला एक टक्काही कष्ट पडत नाहीत.

गवताचं तंत्र मात्र बघण्यासारखं आहे. नायलॉनचे दोन-चार मिलिमीटरचे तंतू असतात, ते नुसते पेरले तर आडवे पडतात, कुणी केस कापून टाकल्यासारखे. ते उभे राहायला हवेत. त्यासाठी विजेचं यंत्र मिळतं, महाग असतं. मग जगभरच्या चिकट लोकांनी एक युक्ती काढली आणि तिथे आपण आपोआप सधन झालो: मच्छर मारायची बॅट. तिची जाळी काढायची, एका तारेला चहाची स्टीलची गाळणी जोडायची, दुसरी तार खिळ्याला बांधून तो खिळा ओल्या फेविकॉलमध्ये खुपसायचा. गाळणीत तंतू भरून, बटण दाबून, गाळणी जमिनीवर बोटभर अंतरावरून हलवायची. तंतूंवर विजेचा भार येतो, खाली ओढले जाताना ते सरळ होतात आणि डिंकात टोकावर रुततात. क्षणात माळरान उभं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातावरचेही केस उभे राहिले, ते कौतुकाने की विजेने हे सांगता येणार नाही. या प्रयोगानंतर ताईला चहा नव्या गाळणीतून गाळावा लागला आणि संध्याकाळी डास टाळीने मारावे लागले. शिवाय तंतू हिरवे. घाटात जून ते ऑक्टोबर ठीक, एरवी आपलं गवत पिवळं आणि करपलेलं. भाऊजींनी तो प्रश्न टेबलावर कायमचा श्रावण आणून सोडवला.

खडीची कथा अशी. चाळणीने चाळून एकसारखी केलेली काळी कच रुळांमध्ये पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरांवरून झाडायची, वरून पाण्याचा फवारा, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे पाणी मोत्यांसारखं न गडगडता मुरतं. मग पातळ केलेला फेविकॉल औषधाच्या ड्रॉपरने थेंब थेंब. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी सगळं दगडासारखं पक्कं होतं, आणि बहुतेकदा सांधेही त्यात होतात. रूळ बदलायची ती नाजूक पाती डिंकात बसली की गाडीला पुढे एकच दिशा उरते. अशा वेळी अनुभवी लोक "ही मार्गिका बंद केली आहे" असं जाहीर करून तिथे गवत उगवतात.

डोंगराच्या बाबतीत मात्र देव आपल्या बाजूने आहे. आल्प्स करायचे तर प्लास्टरचे साचे ओता, सुरीने कडे कोरा, उभ्या चिरा पाडा, जर्मन माणूस घामाघूम होतो. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे थरावर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आडवे पसरलेले. थर्माकोलच्या पाट्या एकावर एक ठेवल्या, कडा थोड्या चिमटल्या, की झाला राजमाचीचा कडा! निसर्गाने जी पद्धत वापरली तीच, फक्त फेविकॉल जास्त. पण २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तिच्यात सजावटीचा थर्माकोलही सापडला. तेव्हापासून भाऊजी शेजाऱ्यांच्या घरी नवा टीव्ही किंवा फ्रिज आला की अभिनंदनाला सर्वांत आधी जातात. बोलत बोलत खोक्यापाशी सरकतात. त्यांच्या घाटातला नागफणीचा सुळका एका वॉशिंग मशीनच्या बुडाखालून आलेला आहे.

खरं म्हणजे ही कला मराठी पोराला नवी नाही. दिवाळीत विटा, माती आणि पोतं एवढ्या सामग्रीवर किल्ला उभा करून, वर अळीव पेरून चार दिवसांत जंगल उगवणारी जात आहे आपली. फक्त आपल्याला मापाचा जाच नव्हता. बुरुजापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा महाराज उंच, पायथ्याशी वाघ, वाघाशेजारी गवळण, आणि तळ्याकाठी कुणाच्या तरी धाकट्या भावाची लाल मारुती. एकालाही त्यात खटकत नसे. सत्त्याऐंशीने कुणी भागलं नाही म्हणून अफझलखानाचं काही अडलं नाही.

परदेशात याच खेळाचं काय होऊ शकतं ते हँबुर्गला दिसतं. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राऊन या जुळ्या भावांपैकी एकाला झुरिकमध्ये फिरताना छोट्या रेल्वेचं दुकान दिसलं, लहानपण आठवलं, आणि त्याने भावाला फोन करून आपण जगातली सर्वांत मोठी छोटी रेल्वे बांधू असं सांगितलं. आपल्याकडे भावाने असा फोन केला असता तर दुसऱ्या भावाने वहिनीला फोन केला असता. हा भाऊ हो म्हणाला. २००१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या जुन्या बंदराच्या वखारींत मिनियातुर वुंडरलांड सुरू झालं. आता तिथे आल्प्स आहेत, अमेरिका आहे, इटली आहे, १५ मिनिटांत दिवस मावळतो आणि हजारो दिवे लागतात. क्नुफिंगेन नावाचं एक गाव त्यांनी मनानेच वसवलं. गाव खोटं, पण २०११ पासून त्याला विमानतळ आहे, आणि विमानं धावपट्टीवर धावून खरोखर वर उठतात. त्या गावात थोड्या थोड्या वेळाने आग लागते आणि बंबांचा ताफा निळे दिवे लावून निघतो. वाटेत हातगाड्या नाहीत, दुचाक्या नाहीत, बंब थेट पोचतो. हाच काय तो तिथला अवास्तव भाग.

पण मला स्वतःला पुण्याचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय जास्त जवळचं वाटतं. कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं, १९९८ पासून लोकांना खुलं. एका दालनात अख्खं शहर: वाफेची इंजिनं, आधुनिक गाड्या, रोपवे, सर्कस. दिवे मालवून खेळ सुरू होतो आणि मागच्या रांगेतले आजोबा नातवाला उचलून घ्यायचं निमित्त करून स्वतः पुढे सरकतात. नातू खांद्यावर बसून "आजोबा, मला दिसतंय, मला दिसतंय," म्हणत असतो. आजोबांना ते ऐकू येत नाही.

गर्दीचा विषय निघालाच म्हणून सांगतो. रंगवलेली माणसं या छंदात फार महाग पडतात. बाहेरून मागवली तर पाच-सहा जणांच्या डबीला हजाराच्या वर मोजावे लागतात. जर्मन स्थानक त्या सहाजणांत भरतं: एक छत्रीवाला, एक कुत्रेवाली बाई, एक मास्तर, तिघे इकडेतिकडे. पण आपल्या जुन्या नऊ डब्यांच्या लोकलमध्येसुद्धा गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसं मावत, म्हणजे मावत नसत पण असत. संध्याकाळचं दादर करायचं तर घर विकावं लागेल. म्हणून देशभरात जिथे जिथे हे टेबल आहे तिथे स्थानक आडगावचं असतं आणि वेळ दुपारी अडीचची असते.

या छंदाच्या टेबलाला दोन बाजू असतात. एक वरची, एक खालची. वर डोंगर रंगवणारे, खाली पाठीवर झोपून वायरी जोडणारे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विद्यार्थ्यांचा असा क्लब १९४६ पासून आहे. त्यातही हे दोन तट होते. खालच्या तटाला गाडीचं सोयरसुतक नव्हतं, ती कुठल्या रंगाची आहे हेही ठाऊक नसे. त्यांना फक्त टेलिफोन कंपनीच्या जुन्या रिलेंनी सांधे कसे बदलता येतील एवढंच दिसत होतं. पुढे कॉलेजात संगणक आले तशी ही मंडळी टेबलाखालून निघून तडक संगणकाच्या खोलीत रात्रपाळी करू लागली, आणि आज ज्यांना हॅकर म्हणतात त्यांची पहिली पिढी यांच्यातूनच निघाली. वरच्या तटातले काय करत होते? झाडं लावत होते. भाऊजींना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. झाडं लावायची राहिली होती ना."

बायकांसमोर या लोकांचा हुकमाचा एक्का म्हणजे रॉड स्टुअर्ट. जगभर गाजलेला गायक. २३ वर्षं खपून त्याने चाळिशीच्या दशकातलं अमेरिकी शहर घरी उभं केलं, आणि ते २०१९ साली इंग्लंडच्या रेल्वेहौशींच्या मासिकात झळकलं. दौऱ्यावर असताना हॉटेलात तो या कामासाठी वेगळी खोली घेत असे. रेडिओवर कुणीतरी ते त्याने स्वतः केलं नसेल अशी शंका काढली, तर बुवांनी थेट फोन लावून खडसावलं. हे ऐकून ताई म्हणाली, "त्याला म्हणावं, निदान खोली तरी हॉटेलची घेतो."

तशी ताईसुद्धा अलीकडे मवाळ झाली आहे, आणि हे काही चांगलं लक्षण नाही. आधी ती दारातूनच बोलायची. मग एक दिवस चष्मा लावून आत आली, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अहो, या चाळीत कुणी राहतं की नाही? एकाच्याही गॅलरीत कपडे वाळत नाहीत." भाऊजी गप्प. तिने पोलक्याच्या कापडाच्या चिंध्या आणल्या, नखाएवढ्या नऊवारी कापल्या, दोरा बांधून वाळत घातल्या. साडीची कड कुठल्या बाजूला लोंबते यावरून त्या दोघांत जे बोलणं झालं ते इंग्रजांच्या सव्वादोन मिलिमीटरच्या तोडीचं होतं. नंतर नळावर हंड्यांची रांग आली. मग दारात रांगोळी, ती सुईच्या टोकाने. मग पापड. गच्चीवरचे पापड तिने कागद पंच करायच्या यंत्रातून काढले होते, ते भाऊजींनी मोजले आणि सांगितलं की हा पापड दीड फुटाचा होतो. "होऊ दे," ताई म्हणाली, "एकत्र कुटुंब आहे."

आता तिला स्थानकाबाहेर आठवडी बाजार हवा आहे. भाजीच्या पाट्या, भेळेची गाडी, बांगड्यांचा कासार, बैलगाड्या सोडायला जागा. जागा नाहीच. आहे ती मालधक्क्याची, ओल आलेल्या त्या भिंतीसकट, आणि तिच्यापुढची दोन सायडिंगं. ताईचं म्हणणं, रूळ उचला. भाऊजींनी रेल्वेच्या बाजूने तीव्र हरकत नोंदवली आहे. काल मी गेलो तेव्हा बोलणी एका सायडिंगवर आली होती, मोबदल्यात रोज संध्याकाळी भजी, आणि धक्क्याची भिंत जशीच्या तशी राहील अशी लेखी हमी.